सहा नंबरची चादर

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार. लातूर.
दुपारी ३.४०. लॉज, खोली नं. ६. न्हाणीत चादर धूत होतो. अजून हात ओले आहेत म्हणून पानाच्या खालच्या कोपऱ्यावर पाणी लागले.

जेवल्यावर अण्णा पलंगावर झोपले. मी खुर्चीत. सव्वातीनला ते उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. धोतर मागून ओले. चादर ओली, मध्ये गुलाबी. नळी कालच काढली, डॉक्टर म्हणाले होते थोडे दिवस लघवीत रक्त येईल, ताबा राहणार नाही, घाबरू नका. प्रोस्टेटचे ऑपरेशन, दुर्बिणीचे. पाच दिवस दवाखान्याजवळच राहा म्हणाले म्हणून ही खोली.

मी चादर ओढली, बादलीत घातली, नळ सोडला. गीझर सकाळपासून चालूच होता. वाफ आली तेव्हा मागून आवाज आला.
"गरम?"
एवढेच.

रक्ताला गार पाणी. हे मला पहिलीत जायच्या आधीपासून माहीत आहे. अण्णांनी तीस वर्षे नांदेडला चार लॉजच्या चादरी धुतल्या. मी परटाचा मुलगा. पिवळे गेले, गुलाबी होते ते तपकिरी होऊन बसले. तळहाताएवढे. साबण लावला, ब्रशने घासले. तसेच.

गादी उलटी केली. त्या बाजूला आधीच कुणाचे तरी डाग होते. तीन. बरे वाटले नाही, वाईटही वाटले नाही.

संध्या. ६.१५. अण्णा खुर्चीवरच्या ओल्या चादरीचा कोपरा चाचपत होते. कोपऱ्यात परटाची बिब्ब्याची खूण आहे, तीन ठिपके, एक आडवी रेघ. म्हणाले, "मशीनची न्हाई. हातानं धुणारा हाय कुणीतरी." मला वाटले त्यांना बरे वाटले असेल. मग म्हणाले, "म्हंजे त्याच्या हातात जाणार ही."

डॉक्टरांनी रकान्यांचा कागद दिला आहे. मी वहीतच लिहितो. पा. म्हणजे पाणी, ग्लासात. ल. म्हणजे लघवी. सां. म्हणजे सांडली. हा शब्द मी ठरवला, कागदावर दुसरा आहे.
पा. ७ (सांगितलेले १२). ल. ५. सां. १.


१८ नोव्हें., मंगळ.
अण्णा खाली झोपले. आपला टॉवेल टाकून, फरशीवर. मी म्हणालो जखम आतून आहे, गार लागेल. "गादी त्याची हाय, फरशी बी त्याचीच हाय, पर फरशी पुसता येती."

सकाळी ९ ला मन्मथअप्पा आले. काउंटर तेच सांभाळतात. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग, हातात नव्या चादरी.
"सहा नंबर! चादर द्या, ही घ्या. मंगळवारी बदली असती आमची."
मी दारात उभा राहिलो. म्हणालो, वडील झोपलेत.
"मग झोपू द्या की. खालून हळूच ओढतो. तीस वर्ष झाले ओढून राहिलो, एक बी गिऱ्हाईक पडलं न्हाई."
हसले. मी नाही. म्हणालो उद्या देतो. ते माझ्या खांद्यावरून आत बघणार होते, पण बघितले नाही. नवी चादर हातात देऊन गेले.
अण्णा जागे होते. सगळे ऐकले त्यांनी.

डागाची चादर प्लास्टिकच्या पिशवीत घालून पलंगाखाली ठेवली. अर्धी ओली आहे. वास येईल.

११.३०. मेडिकलवर गेलो. दुकानात चार बाया. मी हळू बोललो, दुकानदार मोठ्याने. "मोठ्या माणसाचं का? कंबर किती? कुणासाठी पायजे?" म्हणालो आजीसाठी. "मग मीडियम न्या." अण्णांची कंबर मला माहीत नव्हती. मीडियम आणले. दहाचे पाकीट.
अण्णांनी पाकीट बघितले, उलटे केले, त्यावर एक म्हातारा जोडीदारणीबरोबर हसत बागेत चाललेला आहे. बॅगेखाली सरकवले.
"मला बाळोतं बांधून राहिलास का, बाळ्या?"
बाळ्या. चौथीनंतर म्हणाले नव्हते.

दुपारी ताईचा फोन. पैसे पोचले का विचारले. मग म्हणाली, अण्णांना दे. अण्णांनी हातानेच नको म्हटले. मी सांगितले झोपलेत. आज दोनदा झोपवले त्यांना.

४.००. तांब्या मी भरून ठेवतो, मोजून, चार ग्लासांचा. सकाळपासून दोन तांबे संपले. म्हणजे आठ. पण बेसिन ओले होते आणि मी तर सकाळनंतर वापरले नव्हते. लघवी दोनदाच.
विचारले नाही. पुढच्या तांब्यावर डोळा ठेवला. मी बाहेरून कडी वाजवायच्या आधी बेसिनमध्ये पाणी पडल्याचा आवाज आला.
पा. ३, फार तर ४. ल. ३. सां. ०. सां. शून्य आहे म्हणून अण्णा आज थोडे ताठ बसले होते. वरण-भातही खाल्ला.


१९ नोव्हें., बुध.
लिहायला वेळ नव्हता, आता रात्रीच्या जेवणाच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर लिहितो.

सकाळी ६ पासून लघवी झाली नाही. ७ ला पोट धरून बसले. ८ ला घाम. म्हणाले गॅस आहे. साडेआठला मी ऑटो आणला, दवाखाना समोरच आहे पण चालता येईना. रस्ता ओलांडायला ऑटो. ऑटोवाला पैसे घेत नव्हता, मी दिले.

गाठ अडकली होती रक्ताची. पुन्हा नळी घातली. मोठ्या पिचकारीने आत पाणी सोडून ओढले, किती वेळा ते मोजले, अकरा. अण्णा छताकडे बघत होते. एक पाय हलत होता.

डॉक्टर मला म्हणाले, "पाणी कमी पडलं. किती घेत होते?"
मी वही उघडली आणि आकडा वाचून दाखवला. सात. तीन, फार तर चार.
"हे तू लिहिलंस?"
हो.
"लिहिलंस, मग मला फोन का नाही केलास?"
आकडा बरोबर होता. पा. पुढचे टिंब सुद्धा नीट दिले होते. दोनशे पावलांवर डॉक्टर होते आणि मी वहीत लिहून पेन बंद केले.

अण्णा डॉक्टरांना म्हणाले, "पोराला बोलू नका. म्याच वतलं पानी." डॉक्टर म्हणाले, "का पण, काका?" अण्णांनी डोळे मिटले.
डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, नळी परवा काढू. पण असेच पाणी टाकत राहिले तर पुन्हा अडकेल, आणि दर वेळी गाठ पिचकारीने निघेलच असे नाही. त्यांना प्यायला लाव. कसे ते तू बघ.

कसे ते लिहिले नाही कुठे.


२० नोव्हें., गुरु.
अण्णा वॉर्डात. नर्सबाई समोर उभ्या राहून पाजतात तेव्हा पितात. त्या गेल्या की ग्लास तसाच.

१०.१५ ला खोलीवर कपडे आणायला गेलो. पिशवीतली चादर वास मारायला लागली होती. ती काढली, गोळा करून दाराशी ठेवणार, तेवढ्यात जिन्यात कुणीतरी गाठोडे आपटले आणि "सहा!" म्हणून ओरडले. धुणारे आले होते. नागनाथमामा. साठीचे असतील, बुटके, बोटांची टोके पांढरी, अण्णांसारखी.

मी चादर पुढे केली. त्यांनी हातात घेतली नाही. बघतच राहिले.
"ही गाठ कुणी मारली?"
तेव्हा मी बघितले. गोळा करता करता माझ्या हातांनी बांधली होती. डाग आत, चार कोपरे वर, उलटी गाठ, शेपूट आत खोचलेले. आमच्याकडे बाळंतिणीचे, आजाऱ्याचे, लाजेचे कापड बाया अशी बांधून द्यायच्या. शेपूट आत असले की अण्णा ते गाठोडे कुणासमोर सोडत नसत. आधी तेच धुवायचे, एकटे, आणि आधी तेच पोचवायचे. कुणाचे ते मायलासुद्धा सांगितले नाही कधी.

"मी," म्हणालो.
"कुठले तुम्ही?"
"नांदेडचे."
"बापाचा धंदा हाच?"
"होता."
"माझ्या बापाची बी हीच गाठ. आता कुणी मारत न्हाई. प्लास्टिकमंदी कोंबून देतेत, वरून म्हणतेत मामा, चटणी सांडली." मग चादर घेऊन दाराआड झाले, तिथे एक कोपरा वर करून बघितला आणि लगेच झाकला.
"गरम पानी लागलं की हो याला."
"हाव. माझ्याकडून."
"परटाच्या पोराकडून!" हसले, मोठ्याने. "बापानं हाणलं न्हाई?"
"न्हाई."
"हाणायला पायजे होतं." मग गाठोड्यात टाकता टाकता, "अहो असल्या किती धुतल्या म्या. मागच्या म्हैन्यात याच खोलीत एक साहेब, एवढं मोठं पोट, त्यांनी तर..." थांबले. जीभ चावली. "ऱ्हाऊ द्या. शेपूट आत हाय."

जाताना म्हणाले, "कुठं हायत वडील? भेटू का?"
मी नको म्हणालो. लगेच म्हणालो. त्यांनी मान हलवली.
"मग एवढं इचारा त्यान्ला. गरम पान्यानं पक्का झाल्याला डाग हाय, कापड पांढरं. ताक लावू का लिंबू? माझं ताकावर जातंय बगा मन. पर नांदेडवाले काय करतेत कुणाला ठावं."

२.००. वॉर्डात दोन तास बसून राहिलो. सांगितले तर कळणार की चादर दुसऱ्याच्या हातात गेली. नाही सांगितले तर ग्लास तसाच भरलेला. शेवटी सांगितले. जसेच्या तसे, ताक का लिंबू पर्यंत.
अण्णा भिंतीकडे वळले.
"तू दावलास त्याला."
"न्हाई. गाठीवरून ओळखलं त्यांनी."
"कोणची गाठ?"
टॉवेल घेऊन बांधून दाखवली. ते वळले नाहीत, मग थोडे वळले.
"शेपूट डावीकडून खोच."
खोचले.

तासाभराने, कुणी काही विचारले नसताना, छताकडे बघून: "ताक लावू नको म्हणावं. वास धरतंय, मग तो काढायला दुसरं काहीतरी लावा. मीठ. गार पानी. रातभर. सकाळी लिंबू चोळून उन्हात. वाळू द्यायची न्हाई, वरून शिंपडत ऱ्हायचं." मग, "कापड निव्वळ सुती हाय का टेरिकॉट मिसळ?"
मला माहीत नव्हते.
"अडीच दिवस घेऊन बसला चादर, आन् कापड ठावं न्हाई."
ओठ कोरडे पडले होते बोलून. ग्लास पुढे केला. अर्धा प्यायले. मग ग्लासाकडे बघितले, उरलेला अर्धा ठेवून दिला.

नागनाथमामांना लॉजच्या काउंटरवरून फोन लावून निरोप सांगितला. म्हणाले, "ताक नको म्हणाले? बरं. मोठे कारागीर दिसतेत." थट्टा होती का ते कळले नाही.
पा. ९ (नर्सबाईंचे ८, आपला अर्धा, संध्याकाळी अजून अर्धा).


२१ नोव्हें., शुक्र.
सकाळी नळी काढली. १२ ला खोलीवर. लघवी फिकट गुलाबी, गाठी नाहीत.

२.३०. जिन्यात मामांची हाक. अण्णा उठले आणि न्हाणीत जाऊन कडी लावली. नळ सोडला.
मामा आत आले, पलंग रिकामा बघितला, न्हाणीच्या दाराकडे बघितले. चादर पलंगावर पसरली. डाग चहाच्या पुसट थेंबासारखा, भोवती कड. मग दाराशी जाऊन मोठ्याने:
"अण्णा, रामराम. नागनाथ हाव म्या. तुमी सांगितलं तसंच केलं. डागाचं पोट गेलं, कड ऱ्हायली."
नळ चालू.
"कड जात न्हाई म्हणतो म्या."
नळ बंद झाला. आतून: "उन्हात किती ठिवली?"
"दोन घंटे."
"दोन घंट्यात काय होतंय! पापड हाय का?"
"अहो माझ्याकडं दीडशे चादरी हायत रोजच्या. एकीलाच घेऊन बसू का?"
"शिंपडत होता का?"
"एक डाव इसरलो."
"तीच कड हाय. वाळला तिथं थांबला."
मामा माझ्याकडे बघून डोळा मिचकावून म्हणाले, "बापरे. सुपरवायझर आत बसलेत." दाराला म्हणाले, "सोडा कुठला वापरत होता तुमी नांदेडला?"
मग दहा मिनिटे. भट्टी, सोडा, नीळ किती, मशीनवाल्यांनी भाव कसा पाडला. अण्णा दाराच्या आत, मामा बाहेर स्टुलावर. मी उभा. अण्णा एवढे बोललेले मला धंदा बंद केल्यापासून आठवत नाही.
दार उघडले नाही. मामांनी उघडायलाही सांगितले नाही. उठताना म्हणाले, "येतो मी. जपा." पैसे विचारले तर, "अर्ध्या कामाचे काय पैसे."
ते गेल्यावर पाच मिनिटांनी कडी निघाली. अण्णांचे धोतर ओले होते. आधी ओले झाले का नंतर, कळायला मार्ग नाही. मी दुसरे दिले. त्यांनी घेतले.
पा. १०. ल. ७. सां. ३.


२२ नोव्हें., शनि.
खोली सोडली. मन्मथअप्पांनी चादर उजेडात धरली. "मामानं सांगितलं मला, चहा सांडला म्हणून." माझ्याकडे बघितले नाही. "नियम हाय मालकाचा, दोनशे लागतील. चादर मग तुमची, घेऊन जा."
दोनशे दिले. अण्णा म्हणाले, "आमची कशी? धुऊन परत आणून देऊ."
"अहो पैसे घेतले की. आता काय करता परत देऊन."
"खूण तुमच्या परटाची हाय. आम्ही दुसऱ्याचं कापड ठिवत न्हाई."
अप्पा दोनशे परत करू लागले. अण्णांनी तेही घेतले नाहीत. पाच मिनिटे चालले. मागे दोन गिऱ्हाईक उभे.

९.४५ ची बस. खिडकीत अण्णा. मांडीवर पिशवी, पिशवीत चादर. पाण्याची बाटली मी धरली होती. अहमदपूरपर्यंत हात लावला नाही त्यांनी. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा जाऊन आले, मग तीन घोट प्यायले. लोह्याला पुन्हा तसेच.
घरी आल्यावर बॅग लावताना पाकीट सापडले. दहाचे. आत नऊ. मोजले दोनदा. पाकीट होते तसे ठेवले.


२४ नोव्हें., सोम. नांदेड.
आज कामावर गेलो, टायपिंगच्या दुकानात. एकोणीस अर्ज टाईप केले, दोनशे झेरॉक्स. मालकाने विचारले वडील कसे आहेत, म्हणालो बरे. एका बाईच्या अर्जात "विनंती"चा वि दीर्घ होता, तिच्याच अक्षरात. नीट केला.

दुपारी जेवायला घरी. अण्णा अंगणात खुर्चीवर, पाटीत चादर. डॉक्टरांनी वजन उचलू नका, उकिडवे बसू नका सांगितले आहे. म्हणून ते सांगतात आणि माय करते. माय चिडलेली. "दवाखान्यातून आला माणूस, अन् आल्या आल्या धुणं! हीबी कुणाची तर लॉजची."
"लिंबू चोळ. दाबू नको, चोळ."
"मला शिकवा आता! पंचवीस वर्ष कुणी पिळलं?"
मी लिंबू घेतले तिच्या हातातून. चोळले. शिंपडले. ऊन सरकले तशी पाटी सरकवली. अर्धा तास कामावर उशिरा गेलो.
निघताना अण्णांनी हाक मारली. माय तिथेच होती, शेजारच्या काकू कुंपणापलीकडे.
"बालाजी. माझं धोतर बी आण दुसरं. हे भिजलं."
नेहमीच्या आवाजात. लिंबू आण म्हणाले होते त्याच आवाजात. काकूंनी मान वर केली नाही, किंवा केली असेल, मी बघितले नाही. आत जाऊन धोतर शोधत होतो, ते दोरीवरच होते समोर, दिसेना.
पा. ११. ल. ८. सां. ४.


२७ नोव्हें., गुरु.
डॉक्टरांचा फोन. रंग कसा, म्हणालो पाण्यासारखा. गाठी नाहीत. ताबा? नाही अजून. म्हणाले, सहा आठवडे बघू. बहुतेकांचा येतो. काहींचा येत नाही, मग पुढचे बघावे लागते. ५ डिसेंबरला दाखवायला या. अण्णांना दोन्ही सांगितले, येतो ते आणि येत नाही तेही. "हं," म्हणाले. मग म्हणाले, "पाच तारखेला चादर नेता येईल."

रबरी कापड आणले गादीखाली. अण्णा पलंगावर झोपतात.

हिशोब लिहून ठेवतो.
खोली, सहा रात्री — २७००
दवाखाना, दुसऱ्यांदा — १८००
पाकीट — ४२० (शिल्लक ४)
एस.टी., एक पूर्ण एक अर्धे — ३३०
चादर — २००
लिंबू, मीठ — ३०
एकूण ५४८०. ऑटोचे वीस राहिले, ते धरून ५५००.
देणे: ताई, ४०००. नागनाथमामा, धुलाई, आकडा सांगितला नाही.
लॉज, चादर, नग एक. कड अजून दिसते, उजेडात धरली तर. अण्णा म्हणतात, अजून एक ऊन लागेल.
पा. १२. ल. ८. सां. ३.